जे वाटतं त्यावर कधी विसंबावं: प्रतीती तपासण्याची रीत

‘दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं’ ही म्हण अर्धीच खरी आहे. आपण फसलो हे कळतं, तेही पुढे काहीतरी वेगळं दिसल्यामुळे, ऐकू आल्यामुळे किंवा आठवल्यामुळेच. दोरीला साप समजून मागे सरलेला माणूस दिवा घेऊन येतो आणि त्या उजेडात जे दिसतं ते खरं मानतो. एका दिसण्यातली चूक दुसऱ्या दिसण्याने पकडली जाते. सगळंच दिसणं खोटं धरलं, तर चूक पकडायलाही हाती काही उरत नाही.

म्हणून सुरुवात विश्वासापासून करायची. सातव्या शतकातले मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसा परंपरेतले विचारवंत, कुमारिल भट्ट यांचं म्हणणं असं होतं की ज्ञान झालं की त्याचं प्रामाण्य, म्हणजे खरं मानलं जाण्याचा हक्क, आपोआप मिळालेलं असतं. पुढे दोष सापडला तरच ते काढून घ्यायचं. याला स्वतःप्रामाण्य म्हणतात. अमेरिकी तत्त्वज्ञ मायकेल ह्युमर यांनी 2001 मध्ये जवळपास याच वळणाचा विचार मांडला: एखादी गोष्ट तशी आहे असं वाटलं आणि विरुद्ध कारण नसलं, तर ती तशी आहे असं मानायला त्या वाटण्यातूनच काही प्रमाणात आधार मिळतो. यातला ‘काही प्रमाणात’ हा भाग विसरू नका. आधार म्हणजे सिद्धता नव्हे, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या प्रमाणाचा अंदाज घेण्यासाठीच आहेत.

नैयायिकांना, म्हणजे तर्क आणि ज्ञानाची साधनं तपासणाऱ्या न्यायदर्शनाच्या अनुयायांना, हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते प्रामाण्य बाहेरून कळतं: पाणी दिसलं, तिकडे गेलो, तहान भागली, म्हणजे ज्ञान खरं होतं. पण तहान भागल्याचंही ज्ञानच होतं ना? त्याचं प्रामाण्य कशाने ठरवायचं? प्रत्येक ज्ञानाला आधी दुसऱ्याचा दाखला हवा म्हटलं की अनवस्था येते, दाखल्यांची रांग संपत नाही. माझा कौल इथे कुमारिलांच्या बाजूने आहे, पण नैयायिकांची कृतीतून पडताळण्याची सवय मात्र जशीच्या तशी उचलावी.

पहिली पायरी: ‘वाटणं’ सोलून काढा

मराठीत ‘वाटणं’ हे क्रियापद फार कामं करतं. ‘बाहेर जावंसं वाटतं’ ही इच्छा. ‘मला वाटतं तो जिंकेल’ हा अंदाज. ‘वाईट वाटलं’ ही भावना. ‘ही रेघ लांब वाटते’ ही प्रतीती. आधार देण्याचं काम फक्त शेवटचं वाटणं करतं. ‘भास’ हा शब्द इथे चालणार नाही, कारण तो वापरला की चूक झाली हे आपण आधीच कबूल करतो. ‘प्रतीती’ हा शब्द खरं-खोटं दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवतो.

चौघांना वेगळं करण्याची एक सोपी कसोटी आहे. स्वतःला विचारा: हे खोटं आहे असं मला पक्कं समजलं, तरी ते असंच वाटत राहील का? अंदाज असेल तर तो तिथेच विरतो. प्रतीती टिकून राहते. मुल्लर-लायर यांच्या 1889 च्या आकृतीत दोन सारख्या रेघा असतात. एकीच्या टोकांना बाण आत वळलेले, दुसरीच्या बाहेर. पट्टीने मोजून घेतल्यावरही एक लांबच दिसते.

बुद्धीच्या प्रतीतीचंही असंच. पृथ्वीच्या विषुववृत्ताभोवती, म्हणजे सुमारे 40,075 किलोमीटर लांबीची, दोरी घट्ट गुंडाळली आहे अशी कल्पना करा. तिची लांबी फक्त 1 मीटरने वाढवली आणि ती सगळीकडे सारखी वर उचलली, तर जमिनीपासून किती उंच जाईल? केसाएवढीही नाही असं वाटतं. परिघ 2π पट त्रिज्येएवढा असतो, तेव्हा परिघ 1 मीटरने वाढला की त्रिज्या 1 भागिले 2π, म्हणजे जवळजवळ 16 सेंटिमीटरने वाढते. मूळ त्रिज्या किती होती याचा इथे संबंधच येत नाही. चेंडूभोवती दोरी असती तरी 16 सेंटिमीटरच. गणित पटतं, तरी ‘छे, एवढी कशी’ हे वाटणं जात नाही. विश्वास बदलला, प्रतीती तशीच राहिली. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत याचा याहून स्वच्छ नमुना मिळणं कठीण.

दुसरी पायरी: प्रतीती अरुंद शब्दांत लिहा

इथेच सर्वांत जास्त घोटाळे होतात, म्हणून थोडं थांबू. मित्राला लांबलचक निरोप पाठवला आणि उत्तर आलं: ‘ठीक आहे.’ लगेच वाटतं, तो रागावलाय. कागदावर खरी प्रतीती काय उतरते ते पाहा: ‘उत्तर दोन शब्दांचं आहे. शेवटी पूर्णविराम आहे. एरवी तो चार-पाच ओळी लिहितो.’ एवढंच दिसलं. राग हा त्यावर चढवलेला निष्कर्ष आहे, आणि निष्कर्षाला स्वतःचे वेगळे पुरावे लागतात: तो गाडी चालवत होता का, कामात होता का, मागचं काही राहून गेलंय का.

लिहिताना एक नियम पाळा. वाक्यात ज्या शब्दासाठी ‘म्हणजे’, ‘त्यामुळे’, ‘नक्कीच’ यांचा आधार घ्यावासा वाटतो, तो शब्द काढून टाका आणि उरलेलं वाक्य पाहा. ‘खिडकीची काच ओली आहे’ हे दिसलं. ‘पाऊस पडला’ हे अनुमान. कुणी वरून पाणी टाकलं असेल तरी काच ओलीच असते.

पण हा नियम ताणूही नका. ओळखीचा चेहरा दिसला की ‘नाक, डोळे, कपाळ यांची अमुक रचना दिसली’ असं लिहायची गरज नाही. चेहऱ्याची ओळख थेटच पटते, ती तुकड्यांतून जोडलेली नसते. अरुंद शब्द म्हणजे तुम्हाला थेट जे जाणवलं तेवढंच. त्याहून कमीही नको.

वाक्याशेजारी तीन गोष्टी टिपा: कुठल्या वाटेने आलं (डोळे, कान, आठवण, विचार), तेव्हाची परिस्थिती कशी होती (उजेड, अंतर, घाई, झोप), आणि प्रतीती किती ठळक होती. न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांमध्ये, प्रत्यक्षाचं (इंद्रियांनी होणाऱ्या ज्ञानाचं) जे लक्षण दिलं आहे, त्यात ते ‘व्यवसायात्मक’, म्हणजे निश्चयाचं, असावं अशी अट आहे. भाष्यकार वात्स्यायन उदाहरण देतात ते लांबून दिसणाऱ्या लोटाचं: धूर आहे की धूळ, हे ठरत नाही. अशा वेळी ‘धूर दिसला’ असं लिहूच नये. ‘धूर किंवा धूळ’ असंच लिहावं.

तिसरी पायरी: दोन प्रकारचे अडथळे शोधा

मिळालेलं प्रामाण्य दोन कारणांनी जातं, असं कुमारिल सांगतात. एक, वस्तू मुळात वेगळीच आहे असं दुसरं ज्ञान होणं, म्हणजे बाधक ज्ञान. दोन, ज्या साधनाने ज्ञान झालं त्यातच दोष आहे हे कळणं, म्हणजे कारणदोषाचं ज्ञान. विसाव्या शतकात तत्त्वज्ञ जॉन पोलॉक यांनी हाच फरक नव्याने मांडला आणि त्यांचं लाल उजेडाचं उदाहरण आजही शिकवलं जातं. समोरची वस्तू लाल दिसते. ‘ती पांढरी आहे, मी स्वतः रंगवली’ असं एखाद्या भरवशाच्या माणसाने सांगितलं, तर ते बाधक. ‘तिच्यावर लाल दिवा सोडलाय’ असं कळलं, तर तो कारणदोष.

फरक कामाचा आहे, कारण दोन्हींनंतरची कृती वेगळी. बाधक मिळालं तर विश्वास उलट बाजूला वळू शकतो. कारणदोष मिळाला तर विश्वास फक्त काढून घ्यायचा असतो, उलटा करायचा नसतो. लाल उजेडात लाल वस्तूही लालच दिसते. ‘दिवा लाल आहे, म्हणजे वस्तू लाल नाही’ हा निष्कर्ष चुकीचा, आणि तो रोज काढला जातो: साक्षीदाराला चष्मा नव्हता, म्हणजे तो सांगतो तसं घडलंच नाही, बातमी देणारा पक्षपाती आहे, म्हणजे बातमी खोटी. दोन्हीकडे योग्य उत्तर एकच: या वाटेने काही कळत नाही, दुसरी वाट शोधा.

कारणदोष शोधताना क्रम ठेवा. आधी बाहेरचं: उजेड, अंतर, आवाज, मधे काच किंवा तापलेली हवा. मृगजळ याच खात्यातलं. जमिनीलगतच्या तापलेल्या हवेतून येताना प्रकाश वाकतो आणि आकाशाचा तुकडा खाली दिसतो, तो पाण्यासारखा भासतो. मग शरीर: चष्मा, ताप, औषध, अपुरी झोप. मग मन: भीती, आशा, आधी ऐकलेलं. ‘काविळ झालेल्याला जग पिवळं दिसतं’ या म्हणीचा भाऊबंद शास्त्रग्रंथांतही आहे, पित्तदोषामुळे पांढरा शंख पिवळा दिसतो असा. प्रत्यक्षात काविळीत डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होतो, जग सहसा पिवळं दिसत नाही. पण दोष आपल्यातच असू शकतो हा मुद्दा पक्का आहे.

शोध कुठे थांबवायचा? ‘काहीही असू शकतं’ हा अडथळा नव्हे. अडथळा म्हणजे नाव घेऊन सांगता येईल असा दोष, आणि तो या वेळी असण्याचं काही कारण. कुमारिलांनी तर संख्याच दिली आहे: तीन-चार ज्ञानांपलीकडे आणखी काही मागू नये. पहिलं ज्ञान, त्याला आलेली बाधा, त्या बाधेची तपासणी, फार तर आणखी एक फेरी. दोष सापडला नाही तर थांबा. दुधाने तोंड पोळलं म्हणून ताकही फुंकून पिणाऱ्याच्या हाती तपासणीतून नवं काही लागत नाही, फक्त वेळ जातो.

चौथी पायरी: प्रतीती कुठून उगवली ते पाहा

या मुद्द्यावर आजच्या तत्त्वज्ञांमध्ये खरी झुंज आहे. सुझॅना सीगल यांचं उदाहरण असं: जिलला आधीपासूनच वाटतंय की जॅक आपल्यावर रागावलाय. तो समोर येतो तेव्हा त्या समजुतीमुळे त्याचा साधा चेहराही तिला रागीट दिसतो. आणि मग ती म्हणते, ‘बघा, चेहऱ्यावरच राग दिसतोय.’ समजुतीने प्रतीती घडवली, प्रतीतीने समजुतीला दाखला दिला. एकच माणूस अर्जही करतो आणि साक्षीदार म्हणून सहीही करतो, तसं हे.

ह्युमर यांच्या भूमिकेप्रमाणे, जिलला हे ठाऊक नसेल तोवर तिच्या प्रतीतीतून तिला आधार मिळतो. सीगल म्हणतात, अशा प्रतीतीची पत आधीच खालावलेली असते. मला सीगल यांचं अधिक पटतं. जिलला दोष देता येणार नाही हे खरं, पण दोष देता न येणं आणि आधार असणं या दोन गोष्टी वेगळ्या. आणि एकदा शंका आली की वाद मिटतोच: आता तो तिला माहीत असलेला कारणदोष आहे.

मन चिंती ते वैरी न चिंती. म्हणून ज्या प्रतीतीत तुमची भीती किंवा आशा नेमकी खरी ठरते, तिच्यासाठी जादा तपासणी ठेवा. पद्धत अशी: दुसऱ्याचं मत, अफवा किंवा आधीचा निकाल ऐकण्याआधी पाहा आणि लगेच लिहा. दोघं पाहणार असाल तर वेगवेगळं लिहा, मग कागद अदलाबदल करा. आधीच ऐकलं असेल तर ज्याने ऐकलेलं नाही अशा माणसाला दाखवा, आणि विचारताना उत्तर प्रश्नात घालू नका. ‘हा रागावलेला दिसतो का?’ असं नको. ‘या चेहऱ्यावर काय दिसतं?’ असं विचारा.

याला एक उलट बाजू आहे. आधीच्या माहितीने घडलेली प्रत्येक प्रतीती बिघडलेली नसते. पीटर मार्की यांचं उदाहरण दोन सोनं शोधणाऱ्यांचं आहे. नदीतला एकच खडा दोघांना सोनं वाटतो. एकाला वर्षांच्या अनुभवामुळे, दुसऱ्याला सोनं मिळावं या हावेपोटी. वाटणं एकच, आधार एक नाही. मग अनुभवी नजर कुठे खरी धरायची? मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान आणि गॅरी क्लाइन यांनी 2009 मध्ये दोन अटी सांगितल्या: त्या क्षेत्रात शिकता येईल अशी नियमितता असली पाहिजे, आणि त्या माणसाला आपले अंदाज चुकले की बरोबर आले हे वारंवार आणि लवकर कळत आलं असलं पाहिजे. बुद्धिबळात दोन्ही आहेत. शेअरची उद्याची किंमत सांगण्यात पहिलीच अट पुरी होत नाही, मग सांगणाऱ्याने चाळीस वर्षं काढलेली का असेनात.

पाचवी पायरी: नक्कल असती तरी असंच दिसलं असतं का?

सगळ्या रीतीतला हा प्रश्न सर्वांत उपयोगाचा आहे, आणि नेमका हाच विचारायचा राहून जातो. तत्त्वज्ञ रॉजर व्हाइट यांनी 2006 मध्ये यामागचं गणित दाखवलं. एखाद्या शक्यतेत हीच प्रतीती येणं अटळ असेल, तर त्या प्रतीतीमुळे ती शक्यता कमी होत नाही, उलट झाली तर थोडी वाढतेच. टेबल लाल दिसलं, यावरून ‘हे लाल उजेडातलं पांढरं टेबल नाही’ असं ठरवता येत नाही, कारण तसं असतं तरी लालच दिसलं असतं.

व्यवहारात उतरवा. ओळखीच्या माणसाच्या नावाने निरोप येतो: फोन हरवलाय, या नव्या क्रमांकावर लगेच पैसे पाठव. फोटो त्याचाच, भाषा त्याचीच. ‘खरा वाटतो’ याची किंमत इथे शून्य, कारण फसवणाराही हाच फोटो लावणार, हीच भाषा वापरणार. पुन्हा पुन्हा निरखून पाहूनही ती किंमत वाढत नाही. जिथे खरा आणि खोटा यांची उत्तरं वेगळी येतील अशी जागा शोधा: तुमच्याकडे आधीपासून असलेल्या जुन्या क्रमांकावर फोन करा (निरोपात दिलेल्या नव्हे), किंवा फक्त तुम्हा दोघांनाच माहीत असलेली, कुठेही लिहिलेली नसलेली गोष्ट विचारा. आवाजावर विसंबू नका. आवाजाची नक्कल आता संगणक करतो.

याच पोटातली दुसरी चूक तत्त्वज्ञ स्टुअर्ट कोहेन यांनी 2002 मध्ये उलगडून दाखवली: साधनाला त्याच साधनाने तपासणं. तापमापक 38 दाखवतो, तुम्ही 38 मानता, मग ‘तापमापक बरोबर निघाला’ अशी नोंद करता. असं दहा वेळा केलं तर दहापैकी दहा बरोबर! तपासणी मात्र एकदाही झालेली नाही. दुसरा तापमापक लावा, किंवा वितळत्या बर्फाच्या पाण्यात बुडवून 0 अंश दाखवतो का पाहा. अर्थात तेवढं खाली मोजणारा असेल तरच, शरीराचा ताप मोजणारा तापमापक तिथपर्यंत जात नाही.

सहावी पायरी: आकडा घाला

‘काही प्रमाणात आधार’ म्हणजे नेमका किती, हे गृहीत आकड्यांनी समजून घेऊ. स्टेशनवरच्या गर्दीत जुना मित्र दिसला असं वाटतं. तो परदेशात राहतो. तो इथे असण्याची शक्यता 1000 मध्ये 1 धरा. तो असेल तर तुम्ही त्याला 100 पैकी 90 वेळा ओळखाल. नसेल तर 100 पैकी 1 वेळा दुसऱ्याच कुणाला तो समजाल.

आता अशा 1000 प्रसंगांचा हिशेब करा. तो खरंच असतो तो 1 प्रसंग, त्यात ओळख पटण्याचा वाटा 0.9. तो नसतो ते 999 प्रसंग, त्यात चुकीची ओळख 9.99 वेळा. म्हणजे ‘तोच दिसला’ असं एकूण 10.89 वेळा वाटणार, आणि त्यातलं खरं 0.9. उत्तर साधारण 8 टक्के. प्रतीतीने शक्यता 0.1 टक्क्यावरून 8 टक्क्यांवर नेली, ऐंशी पटींहून जास्त. आधार खरा आहे. हाक मारायला पुरतो. ‘तो परत आलाय’ असं सगळ्यांना कळवायला पुरत नाही.

तुम्ही हाक मारता, तो माणूस बोलतो, आणि आवाजही त्याचाच वाटतो. आवाजाचीही ओळख तितकीच भरवशाची धरली, तर शक्यता 89 टक्क्यांवर जाते. पण हे तेव्हाच, जेव्हा आवाजाची ओळख चेहऱ्याच्या ओळखीपासून स्वतंत्र असेल. ‘तोच आहे’ असं मनात आधीच धरून ऐकलं, तर दुसरा पुरावा पहिल्याचीच प्रत होतो आणि आकडा एवढा चढत नाही. त्याच जागेवरून, त्याच डोळ्यांनी आणखी तीनदा पाहण्याचंही तेच. जागा बदला, इंद्रिय बदला किंवा माणूस बदला.

न दिसण्याबद्दल

‘तिथे काही नाही असं वाटतं’ हीसुद्धा प्रतीतीच, आणि तिचे नियम कडक आहेत. कुमारिलांच्या परंपरेतल्या मीमांसकांनी एखादी गोष्ट नाही हे कळण्यासाठी अनुपलब्धी, म्हणजे ती न आढळणं, हे ज्ञानाचं स्वतंत्र साधन मानलं, पण ती योग्यानुपलब्धी असावी लागते: वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात टेबलावर घडा दिसला नाही, तर घडा नाही. अंधारात दिसला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही.

उजेड असला की झालं, असंही नाही. 2013 मध्ये ट्रॅफ्टन ड्रू आणि सहकाऱ्यांनी 24 रेडिऑलॉजिस्टना फुप्फुसांच्या सीटी प्रतिमांमध्ये गाठी शोधायला सांगितल्या. शेवटच्या तपासणीत प्रतिमांमध्येच गोरिलाचं एक चित्र घातलं होतं, साधारण गाठीच्या 48 पट मोठं. 24 पैकी 20 जणांना ते दिसलंच नाही. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांच्या नजरेचा रोख त्याच जागेवर गेला होता, पण लक्ष गाठींवर होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा तो असा.

म्हणून ‘नाही’ लिहिण्याआधी तीन गोष्टी ठरवा: नेमकं काय शोधत होतो, कुठला भाग खरोखर पाहिला, आणि ते असतं तर कसं दिसलं असतं. किल्ली शोधताना खोलीचे चौकोन पाडा आणि एकेक संपवा. ‘सगळीकडे बघितलं’ या वाटण्याला आधार नाही, ‘या सहा चौकोनांत नाही’ याला आहे. यादी तपासताना चुका शोधत असाल, तर एका फेरीत एकाच प्रकारची चूक शोधा.

आठवण आणि अंतःप्रेरणा

आठवणीलाही सुरुवातीचा विश्वास मिळतो, मिळायलाच हवा. नाहीतर आधीच्या ओळीचा अर्थही हातून निसटेल. पण आठवणीचा ठळकपणा हा तिच्या खरेपणाचा मापदंड नाही. 28 जानेवारी 1986 ला चॅलेंजर अवकाशयान फुटलं. दुसऱ्याच दिवशी मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कळली तेव्हा ते कुठे होते, कोणाबरोबर होते. सुमारे अडीच वर्षांनी पुन्हा विचारलं. अनेकांची उत्तरं पहिल्या नोंदीशी जुळली नाहीत, आणि तरी खात्री भक्कम होती. यावर उपाय एकच, त्याच दिवशी तारखेसह लिहिणं. उशिरा लिहिलं तर ‘उशिरा लिहिलं’ हेही लिहा.

विचारातून उघड वाटणाऱ्या गोष्टींची तपासणी निष्कर्षांतून होते. कुठल्याही गुणधर्मासाठी तो असलेल्या वस्तूंचा एक संच असतो, हे किती उघड वाटतं! जर्मन तर्कशास्त्रज्ञ गॉटलोब फ्रेग यांनी आपल्या गणिताच्या पायात याच अर्थाचा नियम घातला. जून 1902 मध्ये त्यांना ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचं पत्र आलं: स्वतःचे घटक नसलेल्या संचांचा संच घ्या, तो स्वतःचा घटक आहे की नाही? हो म्हटलं तर नाही येतं, नाही म्हटलं तर हो. हा शुद्ध बाधक. तेव्हा उघड वाटणारं तत्त्व हाती आलं की त्याला सर्वांत विचित्र उदाहरण द्या: शून्य, अनंत, स्वतःलाच लावून पाहा. ‘अमुक करणं चूक आहे’ अशा नैतिक प्रतीतींनाही हेच लागू, आणि त्यांच्यासाठी एक जादा कसोटी: माणसांच्या जागा बदलल्या, फायदा आपल्याऐवजी समोरच्याचा झाला, तरी तसंच वाटतं का?

किती तपासायचं, आणि न बदलणाऱ्या प्रतीतीचं काय

चुकलं तर काय जाईल, यावर तपासणीची खोली ठरवा. छत्री घ्यायची की नाही, यासाठी ढग दिसले एवढं पुरे. औषधाची मात्रा वाचताना 1.0 आहे की 10, हे ‘असं वाटलं’ वर सोडू नका. बोटाने दाखवत मोठ्याने वाचा, आणि दुसऱ्याला न सांगता वाचायला लावा. तुमच्याइतक्याच जाणत्या, तेवढ्याच नीट पाहिलेल्या माणसाला उलट दिसलं तर तोही अडथळाच. तेव्हा खात्री कमी करा आणि दोघांनी अरुंद शब्दांत लिहिलेली वाक्यं शेजारी ठेवा. बरेचदा दिसलेलं सारखंच असतं, चढवलेला निष्कर्ष वेगळा असतो.

आणि तपासणी संपली की प्रतीती बदलेल याची वाट पाहू नका. पौर्णिमेला चंद्र उगवताना क्षितिजाजवळ पाहा. प्रचंड मोठा दिसतो. हात पूर्ण लांब करा, एक डोळा मिटा आणि करंगळी त्याच्यावर धरा. चंद्र आकाशात सुमारे अर्धा अंश जागा घेतो आणि लांब धरलेली करंगळी साधारण एक अंश, त्यामुळे तो पूर्ण झाकला जातो. मध्यरात्री तो डोक्यावर आला, लहान दिसू लागला, की पुन्हा तसंच करा. तेवढाच झाकला जातो. खरं तर क्षितिजाजवळ असताना तो तुमच्यापासून थोडा जास्त लांब असतो, पृथ्वीच्या त्रिज्येइतका, आणि म्हणून एक-दीड टक्क्याने लहानच असतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा बाहेर या. तो मोठाच दिसेल. वहीत कालची नोंद असू द्या: करंगळी दोन्ही वेळा पुरली.